नंदनवनाचे कुंपण

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, कॅरिबियन समुद्रात, बोनेर नावाचे एक लहानसे कोरडे बेट आहे. ते नेदरलँड्सच्या अखत्यारीत येते. तेथील मोटारींच्या नंबरपाट्यांवर अनेक वर्षे ‘डायव्हर्स पॅरडाइज’ असे इंग्रजी शब्द झळकत आले. सुट्टीसाठी आलेला प्रवासी तेथे कायाक नावाची चिंचोळी, वल्ह्याची होडी भाड्याने घेतो, तिच्या मागच्या भागात हवेची टाकी पट्ट्याने बांधतो आणि सुमारे ८०० मीटरवरील क्लाइन बोनेर या निर्जन बेटाकडे वल्हवत जातो. तेथे होडी तरंगत्या बोयाला बांधायची, टाकी पाण्यातच पाठीवर चढवायची आणि प्रवाळांच्या उतारावरून खाली जायचे. इंजिनाचा आवाज नाही, तेलाचा तवंग नाही. याहून निरागस आनंद कोणता असू शकेल, असे कोणालाही वाटावे.

पॅरडाइज या शब्दाशी शास्त्राच्या भाषांतरकाराचा नित्य संबंध येतो. हा शब्द मूळचा प्राचीन इराणी भाषेतला. भोवती भिंत घातलेली जागा, हा त्याचा अर्थ. पुढे तो ग्रीक भाषेने स्वीकारला, आणि इब्री शास्त्राच्या ग्रीक भाषांतरात एदेन बागेसाठी तोच योजला गेला. आपल्या मराठी शास्त्रात त्यासाठी ‘सुखलोक’ असा गोड शब्द आला आहे. मात्र सुखलोक म्हटले की सुख कळते, कुंपण कळत नाही. मूळ शब्दात सुखाच्या आधी कुंपण आहे. येथेच एक नैतिक प्रश्न उभा राहतो. मर्यादेने आनंद उणा होतो, की मर्यादेवाचून तो टिकतच नाही?

बोनेरने आपले कुंपण हळूहळू घातले. १९६२ साली तेथे येऊन स्थायिक झालेले अमेरिकी डॉन स्ट्युअर्ट हे बेटावर डायव्हिंगचा व्यवसाय रुजवणाऱ्यांत अग्रणी होते, आणि समुद्र राखण्याचा आग्रह धरणाऱ्यांतही. १९७१ साली भाल्याने मासे मारण्यास बंदी झाली, १९७५ साली पोवळी तोडण्यास. १९७९ साली बेटाभोवतीचा समुद्र ६० मीटर खोलीपर्यंत राखीव उद्यान ठरला. प्रवाळांवर नांगर टाकणे बंद झाले, कारण वर्षाला काही मिलिमीटर वाढणारे पोवळे नांगराच्या एका घावाने मोडते. पुढे हातमोजे घालण्यासही मनाई झाली. उघडा हात स्पर्श करायला कचरतो, एवढे मनुष्यस्वभावाचे साधे ज्ञान त्या नियमामागे आहे. १९९२ पासून डायव्हरांकडून वर्षाला १० डॉलर घेऊन उद्यानाचा खर्च भागवला जाऊ लागला. ज्या प्रवाळांसाठी प्रवासी एवढ्या दूर येतो, ती या मनायांमुळेच मागे उरली.

यावर कोणी म्हणेल, सुट्टीवरही नियमच पाळायचे असतील तर ती सुट्टी कसली? परंतु डायव्हरचे सारे कौशल्य मर्यादा पाळण्याचेच आहे. पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. १० मीटर खोलीवर भरलेला श्वास रोखून जो पृष्ठभागाकडे येईल, त्याच्या छातीतील हवा दुप्पट होऊ पाहील आणि फुप्फुस फाटेल. म्हणून या विद्येचा पहिला नियम आहे: श्वास कधीही रोखू नका. रक्तात मुरलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा यासाठी वर येताना सुमारे ५ मीटरवर ३ मिनिटे थांबायचे. अनेक बुड्या मारल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास जाऊ द्यायचे. कायाकमध्ये तर मागे कोणी राखण बसलेले नसते. वारा पूर्वेकडून वाहतो, आणि सुटलेली होडी तो खुल्या समुद्राकडे नेतो. म्हणून दोराची गाठ दोनदा तपासायची. या नियमांना कोणी जाच म्हणत नाही. मग आपल्या फुप्फुसांसाठी जी मर्यादा शहाणपणाची, तीच पोवळ्यांसाठी घातली की काचते, हे कसे?

तथापि, सर्व नियम पाळणाऱ्या पाहुण्याचेही समाधान फार काळ टिकू नये. पाहणे आणि पाहुणा हे शब्द कानाला भावंडे वाटतात, पण त्यांचे मूळ वेगळे आहे. नुसते पाहिल्याने कोणी पाहुणा होत नाही, आणि नुसते पाहणेही नेहमी निरुपद्रवी नसते. २०२३ साली बोनेरच्या प्रवाळांत ऊती झडवणारा एक घातक रोग आढळला. काही जागा डायव्हरांना काही काळ बंद झाल्या, आणि साधने निर्जंतुक करण्यास सांगण्यात आले, कारण रोग अंगावरच्या साधनांबरोबर एका जागेहून दुसरीकडे जाऊ नये. त्याच सुमारास समुद्र तापून जगभरची प्रवाळे पांढरी पडू लागली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ही चौथी जागतिक आपत्ती म्हणून जाहीर झाली. कायाकला धूर नाही हे खरे, पण ज्या विमानाने प्रवासी आला त्याला आहे. शेवटच्या ८०० मीटरांची निरागसता आधीच्या हजारो किलोमीटरांचा हिशेब फेडत नाही.

बेटाच्या दक्षिण टोकाला आणखी एक हिशेब उभा आहे. तेथे मिठागरांजवळ, ऐन समुद्रकाठी, १८५० च्या सुमारास बांधलेली गुलामांची दगडी घरकुले आहेत. दारे इतकी ठेंगणी की प्रौढ माणसाला वाकून, जवळजवळ रांगतच आत जावे लागते. मीठ काढणारे गुलाम आठवडाभर तेथे निजत आणि सुट्टीला कित्येक तास चालत रिंकोन गावी आपल्या घरच्यांकडे जात. १ जुलै १८६३ रोजी गुलामगिरी संपली. आज त्या घरकुलांजवळून डायव्हर पाण्यात उतरतात, आणि त्या जागांची नावेही ‘व्हाइट स्लेव्ह’, ‘रेड स्लेव्ह’ अशी आहेत. माशाला, पोवळ्याला आज कुंपण आहे. त्या माणसांभोवती असे कोणतेच कुंपण नव्हते. जो पाहिजे ते घेऊ शकतो त्याने घ्यावे, हाच तेव्हाचा न्याय होता.

म्हणून तेथे जाऊच नये काय? तसे म्हणणे सोपे आहे, पण न्याय्य नाही. पाहुणे थांबले तर बेटावरील अनेकांची चूल थंडावेल, आणि सृष्टीचे सौंदर्य पाहून हर्ष होणे हे काही पाप नव्हे. मात्र कुंपणाचा भार प्रथम कोणी सोसावा, याचे उत्तर स्पष्ट असले पाहिजे. ज्याचे पोट त्या समुद्रावर आहे त्याच्या आधी, ज्याची केवळ मौज तेथे आहे त्याने तो सोसावा. शुल्क भरताना घासाघीस करू नये. जागा बंद असेल तर मुकाट्याने परतावे. दूरचा प्रवास क्वचित करावा, केला तर दीर्घ मुक्कामाचा करावा. आणि घरकुलाच्या दाराशी थोडे वाकून आत पाहावे.

एदेन बागेत मनुष्याला ठेवले ते तिची मशागत व राखण करण्यासाठी, असे उत्पत्तीचा दुसरा अध्याय सांगतो. तेथील राखण या अर्थाचे इब्री क्रियापद मेंढरांची निगा घेणाऱ्यासाठीही येते. वाचकहो, येत्या सुट्टीत आपल्यापैकी कोणी मालवणला, अंदमानला वा लक्षद्वीपला जाईल आणि काचेच्या मुखवट्यातून प्रथमच ते रंग पाहील. त्याने अवश्य हरखून जावे. मात्र हात मागे ठेवावा.