रात्रिदेवीचा मोह आणि मनुष्याचे कर्तृत्व

लखनौहून सीतापूरच्या रस्त्याने निघाले असता बक्षी का तालाबच्या पुढे, कठवारा गावाजवळ, गोमतीच्या काठी चंद्रिकादेवीचे स्थान लागते. चंद्रिका म्हणजे चांदणे. परंतु या देवीचा मेळा भरतो तो अमावास्येला, ज्या रात्री आकाशात चांदण्याचा लवलेशही नसतो. आसपासच्या खेड्यांतील स्त्रीपुरुष येतात, चुनरीची गाठ बांधून नवस बोलतात आणि समाधानाने परततात. नाव चांदण्याचे आणि तिथी काळोखाची, यात त्यांना काही विसंगती वाटत नाही. शहरातही तोच प्रकार आहे. दिवाळीच्या अमावास्येस घसियारी मंडीतील कालीबाडीत बंगाली मंडळी मध्यरात्री श्यामेची पूजा मांडतात. त्याच वेळी शेजारच्या घरांतून लक्ष्मीपुढे दिव्यांच्या ओळी तेवत असतात. पुढे पहाट होण्यापूर्वी अवधातील गृहिणी सूप वाजवून ‘दलिद्दर’ घराबाहेर घालवते, जशी महाराष्ट्रातील गृहिणी केरसुणीने अलक्ष्मी काढते. एकाच काळ्या रात्री एक देवी पूजिली जाते आणि दुसरी झाडून काढली जाते.

हा विवेक गृहिणीला परंपरेने सहज साधलेला आहे. शास्त्र वाचणाऱ्या गृहस्थाला मात्र येथे शंका येते. तमोगुण हा अज्ञानापासून उत्पन्न होतो आणि प्रमाद, आलस्य व निद्रा यांनी जीवाला बांधतो, असे गीतेच्या चौदाव्या अध्यायात भगवंतांनी सांगितले आहे. उलट सप्तशतीत देवीला निद्रा म्हटले आहे, मोहरात्री म्हटले आहे, आणि भ्रांतीच्या रूपानेही तीच सर्व भूतांत राहते असे म्हणून देवांनी तिला नमस्कार केला आहे. ज्ञानी पुरुषांचीही मने ती बळाने मोहाकडे ओढते, हेही तेथेच आले आहे. मग जो मोहात पडून पाप करतो त्याचा दोष कोणाचा? ओढणारीचा की ओढल्या गेलेल्याचा?

हा प्रश्न केवळ पंडितसभेतला नाही. वाटणीचा कागद परस्पर बदलून घेणारा भाऊ, दारूच्या भरात बायकोवर हात टाकणारा नवरा, वृद्ध पित्याला घराबाहेर काढणारा मुलगा, हे सारे पुढे कधी तरी म्हणतातच, “काय करावे, बुद्धी फिरली, देवाच्याच मनात होते.” हे म्हणणे शास्त्राला मान्य आहे काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

प्रथम ही देवी कोण ते पाहू. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात रात्रीचे आठ ऋचांचे एक सूक्त आहे. सप्तशतीच्या पाठापूर्वी ते म्हणण्याचा प्रघात असल्यामुळे अनेक घरांत ते मुखोद्गत असते. परंतु त्यातील एक गोष्ट पाठ करणाऱ्यांच्याही ध्यानात पुष्कळदा येत नाही. तेथील रात्र म्हणजे काळोख नव्हे. ती नक्षत्रांनी नटून येते आणि आपल्या प्रकाशाने तमाला हटवते. गावे विसावतात, पाखरे घरट्यांत शिरतात. लांडगा आणि चोर यांना दूर ठेव, अशी ऋषी तिला विनवणी करतो. जो काळोख उरतो, तो ऋण फेडावे तसा फेडून टाक, असे तिची बहीण उषा हिला सांगितले आहे. म्हणजे देवता आहे ती रात्र. तम हे निराळे आहे, आणि ते दोघी बहिणींनी मिळून फेडावयाचे देणे आहे. यास्काचार्यांनी ‘रात्रि’ शब्दाची व्युत्पत्ती देताना म्हटले आहे की निशाचर प्राण्यांना ती रमविते आणि इतरांना थांबवून स्थिर करते. किंवा हा शब्द दानार्थक धातूपासून आला असावा, कारण रात्री दव दिले जाते. देणारी ती रात्री! अंधाराचे गूढ वर्णन करणाऱ्या पुष्कळ ग्रंथांपेक्षा ही एक साधी व्युत्पत्ती अधिक सांगून जाते.

तम हे द्रव्य आहे की केवळ तेजाचा अभाव, यावर आपल्याकडे शतकानुशतके वाद झाला. काळा रंग दिसतो आणि हालचाल दिसते म्हणून ते द्रव्यच, असे भाट्ट मीमांसक म्हणतात. वैशेषिकांना ते अभावरूप वाटते. तो वाद येथे उकरण्याचे कारण नाही.

सप्तशतीच्या पहिल्या चरित्रातील कथा सर्वांना ठाऊक आहे. प्रलयाच्या जलावर विष्णू योगनिद्रेत असताना त्यांच्या कानांतील मळापासून मधू आणि कैटभ हे दोन असुर निघाले व ब्रह्मदेवाला मारण्यास धावले. ब्रह्मदेवाने स्तुती केली ती विष्णूची नव्हे, त्यांच्या नेत्रांवर बसलेल्या निद्रेची. सामान्यतः भक्त देवीला ‘ये’ म्हणतो. येथे ब्रह्मदेवाने तिला ‘दूर हो’ अशी विनंती केली, आणि ती तत्काळ दूर झाली. मग पाच हजार वर्षे बाहुयुद्ध झाले. शेवटी बळाने उन्मत्त झालेले ते असुर मोहात सापडले आणि ज्याला मारावयाचे त्यालाच ‘वर माग’ म्हणाले. ती एकच शक्ती: विष्णूच्या ठिकाणी विश्रांती झाली, असुरांच्या ठिकाणी भूल झाली.

सप्तशतीला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात केवळ तमोगुणापासून झालेल्या या काजळासारख्या काळ्या देवीची नावे दिली आहेत. त्यांत महाकाली आणि कालरात्री यांच्या बरोबरीने क्षुधा, तृषा आणि निद्रा आहेत. कार्ल्याच्या डोंगरावरील आपल्या कुलस्वामिनीचे ‘एकवीरा’ हे नावही त्याच मालिकेत आलेले पाहून कित्येक मराठी वाचकांना आश्चर्य वाटेल. भूक, तहान आणि झोप या गोष्टी ज्या घरात नाहीत असे घर कोणते? घराची चूल पेटते ती या तमोमयी देवीमुळेच. म्हणून तमाचा सरसकट धिक्कार गीतेतही नाही. सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला योग नाही तसाच अति जागणाऱ्यालाही नाही, असे स्पष्ट वचन आहे. अठराव्या अध्यायात तामसी धृतीचे लक्षण सांगताना निद्रा, भय, शोक, विषाद आणि मद यांना जी ‘सोडत नाही’ ती तामसी, असे म्हटले. दोष झोपेत नाही. दोष आहे तो न सोडण्यात. भगवान विष्णूंच्या नेत्रांवरून हाक येताच जी उठली ती देवी. हाका मारूनही जी उठत नाही, किंबहुना जिला उठवण्याची इच्छाच नसते, ती अलक्ष्मी.

आता दोन रात्रींचा विचार करू. पहिली श्रावण वद्य अष्टमीची. मथुरेच्या कारागृहात भगवान अवतरले आणि योगमायेने पहारेकऱ्यांना निद्रा आणली. दारे उघडली. वसुदेव बालकाला गोकुळात घेऊन गेला, तेव्हा यशोदाही थकून झोपली होती. मुलगा झाला की मुलगी, याचीही तिला शुद्ध नव्हती. गीता सांगणाऱ्या मुखाचे रक्षण असे एका अंधाऱ्या रात्रीने आणि सर्वांच्या गाढ झोपेने केले.

दुसरी रात्र महाभारताच्या सौप्तिकपर्वातील आहे. लखनौवरून वाहणारी ही गोमती ज्या नैमिषारण्याजवळून खाली येते, तेथेच शौनकादी ऋषींना सूतपुत्राने ती कथा ऐकवली. अठराव्या दिवसाचे युद्ध संपले होते. अश्वत्थामा, कृप आणि कृतवर्मा एका वडाखाली विसावले. दोघे झोपले, अश्वत्थाम्याला झोप येईना. वडावर निजलेल्या कावळ्यांवर एका घुबडाने झडप घातली व त्यांना मारले, हे त्याने पाहिले आणि त्याच्या मनात विचार आला. त्याने मामाला उठवले. त्या वेळी कृपाचार्यांनी दिलेला सल्ला फार मोलाचा आहे. त्यांनी सांगितले की तू फार काळ जागला आहेस, ही रात्र झोप. शस्त्रे उतरवून निजलेल्याला मारणे हा धर्म नव्हे. सकाळी आम्ही दोघे तुझ्याबरोबर येऊ. अश्वत्थामा उत्तरला की ज्याच्या मनात शोक आणि क्रोध आहे त्याला झोप कोठली?

येथे कथा वळते. रात्र त्यालाही झोप देत होती. तो ते दान नाकारतो आणि तिचा फक्त आडोसा घेतो. सर्व भूतांना जी रात्र, तीत संयमी जागा असतो, या गीतेच्या दुसऱ्या अध्यायातील वचनाचा अर्थ कित्येक जण केवळ जागरण असा घेतात. पण त्या रात्री साऱ्या शिबिरात आणि शिबिराबाहेर खरा जागा कोण होता? अश्वत्थामाच! भगवंतांच्या वचनातील ‘संयमी’ हा शब्द सोडला तर ते वर्णन त्याला तंतोतंत लागू पडेल. अर्जुनाला गुडाकेश, म्हणजे निद्रेचा स्वामी, म्हणतात. निद्रेचा शत्रू म्हणत नाहीत.

पुढचा संहार सांगवत नाही. धृष्टद्युम्न शस्त्राने तरी मार म्हणून विनवीत असता अश्वत्थाम्याने त्याला लाथांनी मारले. द्रौपदीचे पाचही पुत्र मेले. त्या वेळी शिबिरातील योद्ध्यांना प्रत्यक्ष कालरात्री दिसली. काळी, रक्तवर्ण मुखाची, हातात पाश घेतलेली ती माणसांना बांधून नेत होती. युद्ध सुरू झाल्यापासून रोज रात्री स्वप्नात ती आणि मारणारा अश्वत्थामा दिसत होता, ही आठवण मरणाऱ्यांना झाली. शिबिरात शिरण्यापूर्वी महादेवांनीही त्याला खड्ग दिले होते. म्हणजे देवाचे खड्ग आहे, देवीचा पाश आहे आणि स्वप्नांची पूर्वसूचनाही आहे. ‘माझ्या हातून देवानेच केले’ असे म्हणण्याचा अधिकार एखाद्याला असेल, तर तो अश्वत्थाम्याइतका कोणाला असेल?

तरीही श्रीकृष्णांनी तो अधिकार त्याला दिला नाही. उत्तरेच्या गर्भावर त्याने अस्त्र टाकल्यावर, पुन्हा पुन्हा पाप करणारा बालघातकी म्हणून त्यांनी त्याला तीन हजार वर्षे एकाकी भटकण्याचा शाप दिला. शाप देताना कालरात्रीचे नावही निघाले नाही. हे गीतेशी सुसंगतच आहे. मनुष्य इच्छा नसतानाही कोणाच्या बळजोरीने पाप करतो, असे अर्जुनाने तिसऱ्या अध्यायात विचारले तेव्हा भगवंतांनी कोणत्याही देवतेकडे बोट दाखवले नाही. काम आणि क्रोध, एवढेच उत्तर दिले.

येथे जाणता वाचक एक आक्षेप काढील, आणि तो योग्य आहे. त्याच सौप्तिकपर्वाच्या शेवटी श्रीकृष्णांनी युधिष्ठिराला सांगितले आहे की हे अश्वत्थाम्याने केले असे मनात आणू नकोस. तो महादेवांचा प्रसाद होता. आता पुढचे कर्तव्य कर. मग शाप का दिला? एकाच मुखाने दोन भाषा कशा?

याचे उत्तर ऐकणाऱ्याकडे पाहिल्यावाचून मिळत नाही. ज्याने केले त्याला भगवान म्हणतात, तू केलेस. ज्याचे पुत्र गेले, जो आता शोकाने आणि सूडाने आणखी काही करून बसेल, त्याला म्हणतात, हे त्याने केले असे धरून बसू नकोस. दैव, माया, कालरात्री हे शब्द शास्त्राने भाजलेल्या माणसाच्या जखमेवर लावण्यासाठी ठेवले आहेत. तेच शब्द जाळणाऱ्याने आपल्या तोंडी घेतले की ते औषध राहत नाही. त्यांच्या आडून तो पळ काढतो, एवढेच. गृहस्थाश्रमात नेमका हाच गोंधळ होतो. फसवणारा भाऊ ‘दैव’ म्हणून मोकळा होतो, आणि फसलेला मात्र ‘त्यानेच केले’ म्हणत जन्मभर जळत राहतो. दोघांनीही दुसऱ्याच्या वाट्याचे वाक्य उचललेले असते.

सप्तशतीची रचना याच दृष्टीने पाहावी. ती कथा सांगितली गेली कोणाला? राज्य गमावलेल्या सुरथाला आणि समाधी नावाच्या वैश्याला. समाधी धनवान कुळातला. पण धनाच्या लोभाने बायकोने आणि मुलांनी त्याला घराबाहेर काढले. तो रानात आला, तरी मन घरीच. ती सुखात असतील ना, मुले नीट वागत असतील ना, हीच चिंता. ज्यांनी आपल्याला टाकले त्यांच्याविषयी मन कठोर का होत नाही, या त्याच्या व्यथेविषयी सुरथाने मेधा ऋषींना विचारले. ऋषींनी त्याला दोष दिला नाही. काही प्राणी दिवसा आंधळे असतात, काही रात्री, असे ते म्हणाले. स्वतः भुकेले असूनही पिलांच्या चोचीत दाणे घालणारे पक्षी त्यांनी दाखवले, आणि मग महामायेचे नाव घेतले. हे नाव त्यांनी घेतले ते टाकलेल्या बापापुढे. घरी धनावर बसलेल्या त्याच्या पुत्रांना बोलावून ‘तुमचा दोष नाही, महामायेने केले’ असे काही ते सांगण्यास गेले नाहीत.

दोघांनी नदीकाठी देवीची मातीची मूर्ती केली आणि तीन वर्षे आराधना केली. देवी प्रसन्न झाली. सुरथाने राज्य मागितले. ते त्याला मिळाले, आणि पुढील जन्मी सूर्यापासून जन्म घेऊन तो सावर्णी मनू होईल असेही देवीने सांगितले. पुराणांत सावर्णीची माता छाया आहे, हे येथे सहज आठवते. समाधीने घर मागितले नाही, की मुलांना शासनही मागितले नाही. ‘मी’ आणि ‘माझे’ यांची आसक्ती तुटेल असे ज्ञान त्याने मागितले, आणि ज्या देवीने त्याचे मन घराकडे ओढून ठेवले होते तिनेच ते त्याला दिले. त्यानंतर तो घरी परतला की नाही, याविषयी ग्रंथात एक शब्दही नाही.