पाहुण्याची भूक

पाहुण्याने काय खावे, हे कोणी ठरवायचे? पाहुण्याने की यजमानाने? आपल्या पूर्वजांनी अतिथीला देव करून या प्रश्नातून अंग काढून घेतले. देव नैवेद्याला नाक मुरडत नाही, ही त्यातली मोठीच सोय.

गोंदिया जिल्ह्यातल्या प्रतापगडाकडे मात्र ही सोय पुरत नाही. जवळच नवेगावबांधचे जंगल. डोंगरावर महादेव आहे, तसा दर्गाही. म्हणजे देवाधर्माचे आपसांत मिटले आहे. अडते ते जेवणापाशी!

शहरातला प्रवासी येतो आणि म्हणतो, "आम्हाला तुमचं खास गावरान काहीतरी हवं बुवा!" यजमान बिचारा तालुक्याला पनीर आणायला माणूस धाडतो. घरात रोजचे काय, तर भात आणि लाखोळीची डाळ. धान उभे असतानाच बांधीत बी फेकायचे आणि उरल्यासुरल्या ओलीवर पीक घ्यायचे, अशी ही गरिबाची डाळ. ती फार खाल्ली तर पाय लुळे पडतात म्हणून १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली होती. असली डाळ पाहुण्याच्या ताटात कशी वाढायची? मोहफुलांचेही तेच. आपल्याला त्यात रानाचा गंध येतो. घरधनिणीला आठवते ती उन्हाळ्यातल्या पहाटे वेचून वेचून धरलेली कंबर.

मग दुसऱ्याची ओढाताण आपण चव म्हणून मागावी काय? बरे, न मागता पनीरच हाणले, तर 'तुमचे अन्न आमच्या लायकीचे नाही' असे न बोलता सांगितल्यासारखे होते. इकडे आड, तिकडे विहीर!

मला वाटते, "खास काय?" हा प्रश्नच चुकीचा. "तुम्ही काय जेवणार?" असे विचारावे आणि त्यांच्याच पंगतीला बसावे. यजमान तेच जेवत असला की त्या ताटाचे प्रदर्शन होत नाही. पैसे ठरले असतील तर घासाघीस न करता द्यावेत. "सांबार घालू का?" असे विचारले तर इडली शोधू नये, जंगलातली शिंगेही आठवू नयेत. ती माउली कोथिंबिरीबद्दल बोलत असते.

आणि एवढे करूनही पनीर आलेच तर? मुकाट्याने खावे. दुसऱ्यांदा मागून घ्यावे. भर उन्हात तालुक्याला कुणीतरी सायकल मारलेली असते.