डावखुरा

अजिंठ्याच्या एक नंबरच्या लेणीत शिरलं की पर्यटक थेट पद्मपाणीकडे धावतात. मी त्यांना एका खांबापाशी अडवतो आणि वर बघायला लावतो. खांबाच्या माथ्यावर हरणं कोरलेली आहेत. "डोकी मोजा," म्हणतो. लोक मोजतात, अडखळतात, पुन्हा मोजतात. धडं चार, डोकं एकच. ज्या धडाकडे बघाल त्याचंच ते वाटतं. मग हसू फुटतं. तीस वर्षं गाइडचं काम करतोय, त्या खांबाखाली न हसलेला माणूस मला आठवत नाही.

गेल्या दिवाळीत भाचा बरोबर होता. पुण्यात व्हिडिओ गेम तपासायचं काम करतो. वर बघून म्हणाला, "मामा, हे तर ईस्टर एग!"

परतताना फुलंब्री येईपर्यंत त्यानं मला सगळं समजावलं. ईस्टरच्या सणाला मुलांनी शोधावीत म्हणून रंगवलेली अंडी लपवतात, तसं गेम बनवणारे त्यात काहीबाही दडवून ठेवतात. सगळ्यात गाजलेलं उदाहरण अटारी कंपनीच्या 'अ‍ॅडव्हेंचर'चं, 1980 च्या सुमाराचं. वॉरन रॉबिनेटनं तो एकट्यानं लिहिला; पण त्या काळी अटारी बनवणाऱ्याचं नाव गेमवर देत नसे. मग पठ्ठ्यानं कोणाला न सांगता आत एक चोरखोली बांधली. चक्रव्यूहात करड्या जमिनीवर करड्याच रंगाचा, डोळ्यांना न दिसणारा एक ठिपका. तो उचलून ठरावीक जागी नेला की भिंतीतून वाट मिळते, आणि आत त्याचं नाव लकाकतं. ते सॉल्ट लेक सिटीतल्या एका पंधरा वर्षांच्या पोरानं शोधलं आणि कंपनीला पत्रानं कळवलं. तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता.

"मग आपल्या इथल्या लोकांनी नाव कुठं लपवलंय?" भाच्यानं विचारलं.

माझं उत्तर तीस वर्षांपासून तयार आहे. ते लोक निरहंकारी होते, काम देवाला वाहिलं, नावाचा मोह ठेवला नाही. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. भाच्याचे आले नाहीत. "त्यांना कोणी विचारलं होतं का, मामा?"

मी गप्प बसलो. कारण नावाच्या मोहाची साक्ष खुद्द अजिंठ्यातच आहे. 26 नंबरच्या लेणीत बुद्धभद्र नावाच्या भिक्षूचा लेख आहे. त्याचा आशय असा, की जगात माणसाची आठवण असेतो तो स्वर्गात सुख भोगतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करून ठेवावं. 'मी' असं काही नसतंच, हे शिकवणाऱ्या धर्माचा हा भिक्षू! त्याला मी हसत नाही. त्यानं मनातलं लिहिलं. पण लिहायची मुभा दान देणाऱ्याला होती, छिन्नी धरणाऱ्याला नव्हती. दहा नंबरच्या लेणीत तर ज्यानं दगडाचा कपचाही काढला नाही, त्या जॉन स्मिथ साहेबाचं नाव आहे, रंगवलेल्या मूर्तीवर खरडलेलं, 28 एप्रिल 1819 चं.

वेरुळातही तीच गत. बडोद्याला सापडलेला शके 734 चा राष्ट्रकूट ताम्रपट एलापूरच्या डोंगरावरच्या, कृष्णराजाच्या मंदिराचं वर्णन करतो. अभ्यासक ते कैलास लेण्याचं मानतात. विमानातून जाणारे देवही ते पाहून चकित झाले, आणि हे माझ्या हातून झालं तरी कसं, म्हणून खुद्द शिल्पीच थक्क झाला, असं त्यात आहे. शिल्प्याचा अचंबा नोंदवला, नाव नोंदवलं नाही. पुढं काही शतकांनी कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'त त्याला नाव मिळालं: कोकस, राहणार पैठण. राणीनं शिखर दिसेपर्यंत अन्न न घेण्याचा पण केला, तेव्हा यानं कळसापासून खाली कोरत यायची युक्ती काढली. खरं-खोटं देव जाणे. पण ताम्रपटानं जे दिलं नाही ते गोष्टीनं दिलं. लोकांना बिननावाचा कैलास सोसवला नाही.

पैठणचं नाव निघालं की नाथमहाराज आठवणारच. त्यांचे गुरू जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार. वेरूळला जाताना तो किल्ला लागतो. नाथांनी अभंगात आपली मुद्रा केली ती 'एका जनार्दनी'. आपलं नाव गुरूच्या नावाला असं चिकटवलं की वेगळं काढता येऊ नये. शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत त्यांनी शुद्ध केली आणि बजावून ठेवलं, की यात कोणी पदरची ओवी घुसडली तर अमृताच्या ताटात नरोटी ठेवल्यासारखं होईल. रॉबिनेटच्या अगदी उलटा माणूस. दुसऱ्याच्या ग्रंथात आपलं काही लपवणं हे त्यांच्या लेखी पाप.

नाथांपुढे मी डोकं टेकवतो. पण त्यांच्या हातात नाव होतं, म्हणून ते विरघळवता आलं. ज्याला ते कधी मिळालंच नाही, त्याच्या माथी वैराग्य मारून आपण मोकळे होतो. उपाशी माणसाला एकादशी धरलीस म्हणून हार घालण्यातला हा प्रकार. लपणं वेगळं, लपवलं जाणं वेगळं.

हे मला भाच्याआधी कळायला हवं होतं. आमचे आबा पाथरवट. खुलताबादच्या आसपास गल्लोगल्ली 'टाकीऽऽ' ओरडत फिरायचे, लोकांच्या जात्या-पाट्यांना टाकी लावून द्यायचे. घरात मिक्सर आला तेव्हा आईचा पाटा आम्ही मागच्या अंगणात हलवला. उचलताना पालथा झाला. खालच्या अंगाला अंगठ्याएवढा राघू कोरलेला होता. आबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. आई त्या पाट्यावर सत्तावीस वर्षं वाटत आली, तिलाही माहीत नव्हतं.

लहानपणी आबांनी मला एकदाच कैलास दाखवला. देवांना नमस्कार करून झाल्यावर ते एका कोऱ्या भिंतीजवळ गेले. तिथं मूर्ती नाही, नुसते टाकीचे घाव आहेत. त्यावरून बोट फिरवत बराच वेळ उभे राहिले. मग म्हणाले, "हा डावखुरा होता बघ." घावांचा कल उलटा होता. दोन पावलांवर कल बदलला, तर म्हणाले, "इथून दुसरा गडी."

लाखो लोक त्या भिंतीवरून जातात. देवाची खूण सृष्टीत दडलेली असते, ती प्रेमानं बघणाऱ्याला सापडते, असं कीर्तनात ऐकत आलोय, आणि मला ते पटतं. पण सापडण्याचं सुख शोधणाऱ्याचं. त्यानं त्या डावखुऱ्याची थकबाकी फिटत नाही.

मी माझं वाक्य बदललंय. 'त्यांनी नाव ठेवलं नाही' असं आता म्हणत नाही. 'त्यांचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही' असं म्हणतो. डोळे कोणाचेच भरून येत नाहीत. मग मी त्यांना त्या कोऱ्या भिंतीपाशी नेतो आणि घावांचा कल बघायला सांगतो. परवा एका बाईंनी कल बघता बघता पर्स उजव्या हातात घेतली आणि डावा हात हवेत उचलून घाव घालून पाहिला.