दत्तक

दत्तगुरू, आमच्या देवघरातल्या तसबिरीत तुझ्या पायांशी चार कुत्री आहेत. आजी सांगायची, ते चार वेद. असतीलही. पण मला ती खापरीच्या चहाटपरीखाली निजणाऱ्या कुत्र्यांसारखीच दिसतात. चित्रकाराने त्यांची जात काही लिहून ठेवलेली नाही. म्हणून आज तुझ्यापुढे बसताना ओशाळल्यासारखं होतंय. नागपूरच्या मिहान परिसरात आम्ही सहाजण एक गट सुरू करतोय, आणि तो फक्त सोडून दिलेल्या हस्की कुत्र्यांसाठी आहे.

तूच घडवलेलं जनावर, तुला मी काय सांगायचं? सैबेरियातल्या चुकची लोकांनी बर्फावरची गाडी ओढायला ते पिढ्यान्‌पिढ्या जोपासलं. १९२५ साली अलास्कातल्या नोम गावात घटसर्प पसरला, तेव्हा अशाच कुत्र्यांच्या जोड्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे १,०८५ किलोमीटर धावून साडेपाच दिवसांत औषध पोचवलं. त्या थंडीसाठी तू त्याला दुहेरी लोकर दिलीस. तीच लोकर अंगावर घेऊन ते नवतपात वर्धा रोडला उभं असतं, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना.

त्याला इथे आम्ही आणलं. पिलू घेताना निळे डोळे पाहिले, विजेचं बिल पाहिलं नाही. मग कुणाची पुण्याला बदली झाली, कुणाला बाळ झालं, कुणाच्या घरमालकाला रात्रीचं हेल काढून रडणं सोसेना. मिहानचे रस्ते रुंद आणि रात्री रिकामे. गाडीचं दार उघडायचं, पुन्हा लावायचं, झालं. २०१९ च्या नोव्हेंबरात याच परिसरात वाघ फिरून गेला. तिथे आम्ही सोफ्यावर वाढलेलं कुत्रं सोडून येतो. जनावर असं वाऱ्यावर सोडणं गुन्हा आहे, हे १९६० च्या कायद्यात लिहिलंय. पहिल्या खेपेला दंड दहा ते पन्नास रुपये. टपरीवर तेवढ्यात चहापोहेही धड होत नाहीत.

आमचा पहिला हस्की कुंपणापाशी सापडला. गळ्यावर पट्ट्याचा वळ होता, पट्टा नव्हता. वॉचमनकाकांनी गंजात पाणी ठेवलं होतं. म्हणाले, "तीन दिवस झाले मॅडम, पांढरी गाडी दिसली का मागे पळून राहिला."

आता कबुली देते. त्याच कुंपणाच्या सावलीत एक गावठी कुत्री बसली होती, पुढचा पाय उचलून धरलेला. तिला मी बिस्किटं टाकली आणि हस्कीला गाडीत घेतलं. एसी त्याच्याकडे वळवला. घरी पोचेपर्यंत मला त्यात काही वावगं वाटलं नाही. रात्री नोंदणीचा फॉर्म लिहायला बसले आणि पहिल्याच रकान्यात हात थांबला: 'जात'. १९५६ साली ज्या शहरात लाखो माणसांनी दीक्षाभूमीवर जातीचं ओझं उतरवून ठेवलं, त्या शहरात मी कुत्र्याला आधी जात विचारत होते.

तरी गट मोडायचा नाही, असं आम्ही ठरवलंय. का, ते ऐकून घे. उन्हाळा आला की लोक हस्कीची लोकर साफ भादरून टाकतात. त्यांना वाटतं बरं केलं, पण उन्हापासून राखणारी तीच असते. हा भिंतीवरून उडी मारतो, कुंपणाखाली उकरतो, धावायला मिळालं नाही तर घर कुरतडतो. हे माहीत असलेलं कुणीतरी हवं. शिवाय याचं दुःख मागणीबरहुकूम तयार होतं. पैदाशीसाठी परदेशी कुत्री आणायला २०१६ साली बंदी आली. २०१७ च्या नियमांनी पैदास करणाऱ्याला नोंदणी सक्तीची केली, आठ आठवड्यांच्या आतलं पिलू विकायचं नाही असंही सांगितलं. पण निळे डोळे मागणारे आम्ही आहोत तोवर कुणाच्या तरी मागच्या खोलीत एक मादी वेतावर वेत काढत राहणार.

म्हणून मागणं मागते. दत्तक घ्यायला आलेल्याला 'नाही' म्हणायचं धैर्य दे, समोरचा ओळखीचा असला तरी. कुत्रं सोडायला आलेल्यावर जीभ सैल सुटू देऊ नकोस; तो रात्री मिहानच्या रस्त्यावर न जाता आमच्या दारात आला, हे लक्षात राहू दे. पैशाची वही स्वच्छ राहू दे. गोचिडांचा ताप वेळेत ओळखू येऊ दे. प्रत्येक कुत्रं आपल्याच घरी ठेवून घ्यायचा मोह आवर; तुझ्या नावाचा अर्थच 'दिलेला', तेव्हा आम्हालाही देता येऊ दे. ज्याचं दुखणं बरं होणारं नाही, त्याच्या शेवटच्या इंजेक्शनच्या वेळी आमच्यापैकी एकाचा तरी हात त्याच्या डोक्यावर असू दे.

आणि पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आम्हाला विसरू देऊ नकोस. गाडीत हस्की असला तरी दुसऱ्यासाठी जागा निघते, हे मला त्या दिवशी सुचलं नाही; पुढच्या वेळी सुचू दे. पुढेमागे या गटाला काम उरलं नाही, तर ते तुझं देणं समजून आम्ही गट बंद करू.

दुसऱ्या दिवशी मी त्या कुत्रीला शोधायला गेले. ती तिथेच होती. तिच्या पायाला आता प्लास्टर आहे आणि ती हस्कीच्या वाटणीचा दहीभात खाते. फॉर्मही नव्याने छापून आणलाय. पहिल्या रकान्यात 'नाव' आहे. जात चौथ्यात, तीही डॉक्टरांच्या माहितीपुरती.