पदवी कोणाची?

पदवीदानसमारंभात विद्यार्थ्याच्या हाती जो कागद पडतो तो जरा निरखून पाहिला, तर त्यावर विद्यार्थ्याचे नाव आढळते, विद्यापीठाची मुद्रा आढळते, कुलगुरूंची सही आढळते. परंतु ज्यांनी त्या विद्यार्थ्यास तीन वर्षे शिकविले, त्यांपैकी एकाचेही नाव आढळत नाही. ज्यांची सही आहे त्यांनी त्या विद्यार्थ्याचे तोंडही बहुधा पाहिलेले नसते. आणि ज्यांनी त्यास रोज पाहिले, त्यांची सही कोणी मागत नाही. ही रीत आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तीत विचार करण्याजोगे काही आहे असे कोणास वाटतही नाही. आमच्या मते तीत नीतीचा एक प्रश्न दडलेला आहे. शिकविणारा एक व शिक्का मारणारा दुसरा अशी वाटणी झाली, म्हणजे त्या पदवीबद्दल उत्तरदायी कोण? महाविद्यालय व विद्यापीठ यांची ही भागी दिवसेंदिवस नवनवी रूपे घेत असल्यामुळे, या प्रश्नाचा एकदा शांतपणे विचार होणे अवश्य आहे.

ही वाटणी आपल्याकडे अगदी आरंभापासूनची आहे. लंडन विद्यापीठ १८३६ साली निघाले ते शिकविण्यासाठी नव्हे, तर इतरत्र शिकलेल्यांची परीक्षा घेऊन त्यांस पदव्या देण्यासाठी. १८५४ च्या वुडच्या खलित्याने हाच नमुना आपल्यापुढे ठेवला, आणि १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथील विद्यापीठे त्या नमुन्याबरहुकूम स्थापन झाली. मुंबई विद्यापीठाचे पहिले चार पदवीधर १८६२ साली बाहेर पडले. महादेव गोविंद रानडे व रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे त्यांतलेच. ज्या विद्यापीठाने या विद्वानांस पदवी दिली, त्याच्यापाशी त्या वेळी शिकविण्याचा स्वतःचा एकही वर्ग नव्हता. शिकविले महाविद्यालयांतील अध्यापकांनी. विद्यापीठाने पारख केली.

आमच्या सोलापुरात या व्यवस्थेचे फळ जरा उशिरा आले. येथे कापडाची गिरणी १८७७ साली सुरू झाली. महाविद्यालयासाठी मात्र १९४० साल उजाडावे लागले. त्या वर्षी दयानंद महाविद्यालय निघाले व ते मुंबई विद्यापीठास जोडले गेले. पुढे १९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन होऊन सोलापूर जिल्हा त्याच्या कक्षेत आला. १९६२ साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ झाल्यावर तो त्याच्याकडे गेला. आणि १ ऑगस्ट २००४ रोजी या एका जिल्ह्यापुरते स्वतंत्र सोलापूर विद्यापीठ जन्मास आले, ज्यास २०१९ पासून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव आहे. म्हणजे एकाच महाविद्यालयाने सुमारे पासष्ट वर्षांत चार मुद्रा पाहिल्या. मुद्रा पालटली त्या दिवशी फळा तोच होता, बाके तीच होती, अध्यापकही तेच होते. ज्याला विषय येत होता त्याला तो दुसऱ्या दिवशीही येत होता, व ज्याला येत नव्हता त्याला नव्या मुद्रेने तो आला नाही. शिक्का आणि विद्या या दोन वेगळ्या वस्तू आहेत, याचा याहून ढळढळीत पुरावा शोधूनही सापडणार नाही.

मग शिक्का निरर्थक आहे काय? तसे म्हणणे हा अन्याय होईल. आपण शिकविलेल्याची पारख आपणच करावी, तर ममतेने वा अहंकाराने तराजू कलण्याचे भय असते. दूरच्या परीक्षकापुढे जेव्हा केवळ एक आसनक्रमांक येतो, तेव्हा ती उत्तरपत्रिका सावकाराच्या मुलाची की गिरणीतील जॉबरच्या मुलाची, हे त्यास कळत नाही. जातही कळत नाही व गावही कळत नाही. ज्या समाजात मनुष्याची किंमत त्याच्या कुळावरून ठरविण्याची खोड शतकानुशतकांची, त्या समाजात हा अंधळेपणा म्हणजे मोठाच न्याय होय. शिवाय १९४० सालच्या सोलापुरातील एका नवख्या महाविद्यालयाने केवळ आपल्या सहीने पदवी दिली असती, तर तिला मुंबईत कोणी विचारले असते? विद्यापीठाच्या मुद्रेमुळेच येथील विद्यार्थी एल्फिन्स्टनच्या विद्यार्थ्याशेजारी बरोबरीच्या नात्याने उभा राहू शकला. उसन्या मुद्रेने दुर्बलांस पत मिळवून दिली, हे तिचे पुण्य कोणी विसरू नये.

परंतु जी वाटणी न्यायासाठी झाली, तीच जबाबदारी टाळण्याची सोयही होऊन बसते. प्रथम श्रेणीतील वाणिज्य पदवीधरास साधा ताळेबंद वाचता येऊ नये, असे दिसले म्हणजे विद्यापीठ म्हणते, शिकविणे हे महाविद्यालयाचे काम. महाविद्यालय म्हणते, अभ्यासक्रम विद्यापीठाचा, प्रश्नपत्रिका विद्यापीठाची, आम्ही तर हुकमाचे ताबेदार. दोघांचेही म्हणणे नियमास धरून असते, आणि विद्यार्थी मधल्यामध्ये बुडतो. आमच्या मते या वादाच्या मुळाशी एक भ्रम आहे. जबाबदारी ही जणू एकच भाकरी आहे, आणि ती दोघांत वाटली म्हणजे प्रत्येकाच्या वाट्यास अर्धीच येते, असा हा भ्रम होय. वस्तुतः येथे ऋणे दोन आहेत, आणि त्यांचे धनकोही दोन आहेत. महाविद्यालय विद्यार्थ्याचे ऋणी असते; त्याने फी दिली आणि आयुष्यातील तीन वर्षे दिली, त्यांच्या मोबदल्यात त्यास विद्या मिळाली पाहिजे. विद्यापीठ हे समाजाचे ऋणी असते. त्या कागदावर भरवसा ठेवून जो उद्या या मनुष्यास कामावर घेईल, आपले मूल त्याच्यापुढे शिकावयास बसवील, त्या अनोळखी माणसास विद्यापीठाने आपल्या मुद्रेने जामीन दिलेला असतो. धनको निराळे असल्यामुळे एकाने दुसऱ्याचे ऋण फेडले असे कधीच होत नाही. दोघांसही आपापले ऋण संपूर्ण फेडावे लागते.

सोलापूरकरांस ही गोष्ट चादरीच्या दाखल्याने चटकन पटेल. चादरीवर जी चिठ्ठी असते ती ज्याने माल काढला त्याची असते. पहिल्याच धुण्यात रंग गेला, तर गिऱ्हाईक तीच चिठ्ठी दाखवून दुकानदारास जाब विचारते, दुकानदार कारखानदारास विचारतो. आणि कारखानदारास आपल्या नावाखातर का होईना, पण रंग पक्का ठेवावा लागतो. पदवीवरील चिठ्ठी मात्र विणणाराची नसून तपासणाराची असते. ही पदवी नोकरीच्या पहिल्याच मुलाखतीत विटली, तर पदवीधराने ती कोणाच्या दारात नेऊन टाकावी? आणि कोणी परत घेतलीच, तर त्याची तीन वर्षे त्यास कोण परत देणार? या शहरात विड्या वळून वा यंत्रमागावर राबून मुलामुलींस महाविद्यालयात धाडणारी घरे थोडी नाहीत. अशा घरात पहिली पदवी येते तेव्हा ती देवापुढे ठेवली जाते. तो कागद पोकळ निघाला, तर ती फसवणूक एका विद्यार्थ्याची नव्हे, तर दोन पिढ्यांच्या आशेची होते.

ही दोन ऋणांची कसोटी नव्या व्यवस्थांसही लावून पाहावी. नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ साली स्थापन झाले. त्याने ठिकठिकाणच्या महाविद्यालयांशी भागी करून अभ्यासकेंद्रे उघडली, आणि पदव्यांबरोबर प्रमाणपत्रांचे व पदविकांचे शिक्षणही संसारात वा नोकरीत अडकलेल्यांच्या दाराशी नेले. ज्या गृहिणीचे शिक्षण लग्नापायी तुटले, तिला ते पुन्हा जोडता यावे यासारखे लोकोपयोगी कार्य दुसरे नाही. येथे ग्रंथ विद्यापीठाचा, खोली महाविद्यालयाची व कष्ट विद्यार्थ्याचे. परंतु या भागीत गुरुशिष्यांची गाठ मुळातच थोडा वेळ पडते. म्हणून जी थोडी घटका मिळते ती अधिकच मोलाची. अभ्यासकेंद्र म्हणजे अर्ज घेण्याची खिडकी, इतकाच अर्थ कोणी करील, तर तो विद्यार्थ्याचे ऋण बुडवील, मग त्याच्या पदवीवरील मुद्रा कितीही खरी असो.

याच्या उलट बाजूचे उदाहरण धोंडो केशव कर्वे यांच्या महिला विद्यापीठाचे आहे. १९१६ साली त्यांनी ते काढले, तेव्हा सरकारची मान्यता त्यास नव्हती. कायद्याने ती मिळण्यास १९५१ साल यावे लागले. पस्तीस वर्षे तेथील विद्यार्थिनींनी अशी पदवी घेतली की जिला सरकारदरबारी दर नव्हता. हा तोटा लहान नव्हता, व तो त्या स्त्रियांस सोसावा लागला. तथापि त्या पदवीमागे कोण उभे आहे हे सर्वांस ठाऊक होते. शिकविणारी संस्था व शिक्का मारणारी संस्था एकमेकींकडे बोट दाखवून मोकळ्या होऊ शकत नव्हत्या, कारण अपयश आले असते तर ते एकाच कार्याच्या व एकाच मनुष्याच्या नावावर पडले असते. मान्यता नसतानाही पदवीस अर्थ असू शकतो, हे कर्व्यांच्या विद्यापीठाने दाखविले. मान्यता असूनही तो नसू शकतो, हे आपण इतरत्र पाहतो.

आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने संलग्नतेची ही जुनी पद्धत पंधरा वर्षांत हळूहळू मोडून महाविद्यालयांस स्वायत्त करावे, असे योजिले आहे. स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम स्वतः आखते, परीक्षा स्वतः घेते; पदवी विद्यापीठाची असली तरी तिच्यावर महाविद्यालयाचे नाव घालण्याची मुभा असते. २०२२ साली तर परदेशी विद्यापीठांशी भागी करून संयुक्त वा दुहेरी पदव्या देण्याचेही नियम झाले. कोणी म्हणेल, आता विणणाराची चिठ्ठी मालावर आली, प्रश्न मिटला. आम्हांस तसे वाटत नाही. स्वायत्ततेत दोन्ही ऋणे एकाच्या माथी येतात, आणि ज्याने शिकविले तोच गुण देऊ लागला म्हणजे शिकविण्यातील उणीव गुणांनी भरून काढण्याचा मोह दाराशीच उभा राहतो. परदेशी मुद्रेत तर तिच्या तेजाने डोळे दिपून, प्रत्यक्ष शिकविणार कोण हे विचारण्याचे भानच राहत नाही. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, ही म्हण अशाच प्रसंगांसाठी झाली असावी.

सारांश, मुद्रा कोणाची असावी हा व्यवस्थेचा प्रश्न आहे. तो काळाप्रमाणे पालटेल, व पालटावाही. परंतु ऋण कोणाचे हा नीतीचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर पालटत नाही. जे आपण डोळ्यांनी पाहिले नाही त्यास विद्यापीठाने जामीन राहू नये. ज्या विषयास अध्यापक नाही, ग्रंथ नाहीत, प्रयोगशाळा नाही, तो विषय केवळ परवानगी मिळाली म्हणून महाविद्यालयाने उघडू नये. पालकांनीही प्रवेश घेतेवेळी शिक्का कोणाचा एवढेच न विचारता, शिकविणार कोण व किती दिवस, हे आधी विचारावे. कारण गिऱ्हाईक जे विचारीत नाही, ते विकणारा सांगत नाही. राहता राहिला अध्यापक. त्याचे नाव पदवीवर नसते, ते असावे असा आमचा आग्रहही नाही. परंतु आपला विद्यार्थी जेथे जेथे ती पदवी पुढे करील, तेथे तेथे आपली न दिसणारी सहीही पुढे केली जात आहे, इतके त्याने वर्गात शिरताना रोज स्मरावे. तसे झाले तर मुद्रा मुंबईची असो, कोल्हापूरची असो की सोलापूरची, पदवी खरी असेल.