तान्हेल्या जिवाचे पाणी



नामदेवरायांची भाकरी घेऊन पळालेले कुत्रे आणि नाथमहाराजांच्या कावडीचे पाणी प्यालेले गाढव, या दोन कथा आपण कीर्तनात कितीदा ऐकल्या असतील! ऐकताना डोळे भरून येतात. पण कीर्तन संपवून घरी आल्यावर ओसरीवरच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या परळात पाणी आहे की नाही, हे किती जण पाहतात? त्याविषयीच आज दोन शब्द सांगावेत असे आम्हांस वाटते.

पेठ वडगाव हे जनावरांच्या बाजाराचे गाव. या वारणेकडच्या मुलखात घरी, मळ्यात, वस्तीवर राखणीला कुत्रे असतेच. दहा-बारा वर्षे ते इमानाने जागते. मग थकते, आणि पुष्कळदा त्याची मूत्रपिंडेही थकतात. सारखे पाणी पिऊ लागते आणि रात्री ओसरीवरच लघवी करते. घरची माणसे वैतागतात. कोणी म्हणते, "अहो, पाणीच कमी ठेवा, म्हणजे घाण व्हायची नाही." भाविकहो, घात होतो तो इथेच.

मूत्रपिंडाचे काम रक्तातला मळ थोड्या पाण्यात बाहेर टाकण्याचे. ते थकले म्हणजे तेवढाच मळ टाकायला पुष्कळ पाणी लागते. कुत्रे फार पिते म्हणून लघवी फार होते असे नव्हे; लघवीवाटे पाणी जाते म्हणून ते फार पिते. वरून पाणी तोडले तरी खालून जायचे थांबत नाही. अंग सुकते, मळ रक्तात साठतो, ओकाऱ्या होतात, अन्न सुटते. हा रोग बाहेर दिसू लागतो तेव्हा मूत्रपिंडांची सुमारे दोन-तृतीयांश शक्ती आधीच गेलेली असते. उरलेली एक-तृतीयांश पाण्याच्याच आधाराने चालते.

तेव्हा करावे काय? २० किलो वजनाचे कुत्रे निरोगीपणी दिवसाला साधारण १ लिटर पाणी पिते. या रोगात त्याहून अधिक. म्हणून त्याच्या निजण्याच्या जागेजवळ, दाराशी, अंगणात सावलीला अशी दोन-तीन भांडी ठेवावीत. भांडे उथळ असावे, पाणी रोज ताजे भरावे. जेवण पाण्यात कालवून पातळ द्यावे. मीठ, मसाला, कांदा, लसूण त्यात नको. आणि प्रसादातला बेदाणा प्रेमानेसुद्धा देऊ नये. द्राक्षे व बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला विषासारखे बाधू शकतात. आपल्या दुखण्याच्या गोळ्याही त्याला देऊ नयेत. तोंड उघडून बळेच पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते.

हिरड्या कोरड्या, चिकट लागल्या, डोळे आत गेले, पाणी पोटात ठरेना किंवा लघवीच बंद झाली, तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्यायला उशीर करू नये. डॉक्टर खांद्यामागच्या सैल कातडीखाली सलाईन देतात. ते हळूहळू अंगात जिरते. कधी घरच्या माणसालाही ते शिकवतात. पण किती द्यायचे हे त्यांनीच ठरवावे. हृदय अधू असेल तर जास्त पाणीही बाधते.

आता कोणी विचारील, "कुत्र्यासाठी एवढा खटाटोप?" श्रीगीतेच्या पाचव्या अध्यायात अठराव्या श्लोकात भगवंतांनी विद्वान ब्राह्मण, गाय आणि हत्ती यांच्या बरोबरीनेच कुत्र्याचे नाव घेतले आहे. समदृष्टी म्हणतात ती हीच. नाथांनी त्या गाढवाला "पाण्यापाशी चल" म्हटले नाही. जे उठू शकत नव्हते, त्याच्या तोंडाशी त्यांनी पाणी नेले. आणि ते तरी कसले पाणी? रामेश्वराला वाहायची गंगा! आपल्याला तर एक तांब्या भरायचा आणि सकाळी ओसरी पुसायची, एवढेच.

आषाढीला पंधरा-वीस दिवस दिंडीत जाणाऱ्यांनी तुळशीला पाणी कोण घालणार हे जसे ठरवावे, तसेच या जिवाला पाणी कोण पाजणार हेही नेमून जावे. शेजाऱ्याने ते व्रत घेतले, तर वारीचे पुण्य त्याच्याही दारी आले. आणि नेमायला कोणीच नसेल, तर त्या वर्षापुरते करवीर तालुक्यातले नंदवाळ आहे. प्रतिपंढरपूर म्हणतात त्याला. सकाळी जाऊन सांजेला परत येता येते. विठुराया त्याने रुसायचा नाही.

हे दुखणे पाण्याने बरे होत नाही, हे खरे. म्हातारपण कोणाचे टळले आहे? पण उरलेले दिवस तहानेत काढायचे की तृप्तीत, एवढे मात्र आपल्या हाती आहे. ज्याने आपली दारे राखली, त्याचा घसा आपल्या दारात कोरडा पडू नये, हीच श्रीपांडुरंगचरणी प्रार्थना.

रामकृष्णहरि.