जागा आणि वेळ

मालवणात चिवल्याच्या किनाऱ्यावर रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढणारी माणसे अनवाणी असतात. दोराला जोर द्यायचा तर टाच वाळूत रुतवावी लागते, आणि चप्पल घातली की टाच रुतत नाही. गेल्या मे महिन्यात दोराच्या शेवटाला असलेले एक वयस्क रापणकर मटकन खाली बसले. "पायाक काच लागली," एवढेच म्हणाले. बिअरच्या बाटलीचे फुटके बूड वाळूत अर्धे पुरलेले होते. बाकीच्यांनी दोर सोडला नाही. जाळे पाण्यात असताना तो सोडताच येत नाही. पंचाने पाय बांधून मी त्यांना दवाखान्यात नेले.

ती बाटली रात्री भांडणात फुटली की मस्तीत, कोणाला ठाऊक? किनाऱ्यावरच्या दारूचा विषय निघाला की एकजण म्हणतो, बंद करा. दुसरा म्हणतो, पर्यटन बुडेल. कुठे आणि किती वाजता, हे मात्र दोघेही विचारत नाहीत.

आमच्या गावऱ्हाटीला, गावाच्या जुन्या रीतीला, ही जाण होती. गाव राखणाऱ्या देवचाराला, राखणदाराला सोरो, म्हणजे दारू, दिला जातो, पण तो ठरलेल्या जागी, ठरलेल्या दिवशी, चारचौघांसमोर गाऱ्हाणे घालून. याचे गोडवे मी गाणार नाही. त्याच सोऱ्याने कितीतरी घरे बुडवली आणि त्याची किंमत घरातल्या बाईने मोजली. महाराष्ट्रात बायका मतदान करून 'आडवी बाटली'च्या बाजूने दुकान बंद पाडू शकतात, हा हक्क मला मोलाचा वाटतो. पण मालवणहून गोव्याची हद्द दीड तासावर आहे. तिथे कर कमी आणि वयाची अट १८. इथे बिअरला २१, कडक दारूला २५. इथले दुकान मिटले तर बाटली हद्दीवरच्या बांदा गावावरून डिकीत घालून येते आणि काळोख्या वाळूत उघडते. तिथे ना मालकाची नजर, ना दिवा.

मालकाच्या नजरेचे हे मोल कौटिल्याने ओळखले होते. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात सुराध्यक्षाचा, म्हणजे दारूवरच्या अधिकाऱ्याचा, एक अख्खा अध्याय आहे. दारूची दुकाने एकमेकांना खेटून नसावीत, ओळखीच्या, चांगल्या चालीच्या माणसालाच आणि तीही थोडीच द्यावी, असे तो सांगतो. पिण्याच्या जागेत वेगवेगळ्या खोल्या, बैठका, पाणी, ऋतूप्रमाणे सोयी हव्यात. आणि झिंगलेल्या गिऱ्हाइकाची वस्तू गेली तर दुकानदाराने ती भरून द्यावी, वर तेवढाच दंडही भरावा. माझे मन या शेवटच्या नियमापाशी रेंगाळते. पिणाऱ्याची शुद्ध हरपते, तेव्हा विकणाऱ्याची जागी असते. म्हणून जबाबदारी त्याच्याकडे जाते.

कुठे आणि किती वाजता, हे आपल्या काळात एका डॉक्टरांनी विचारले. वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे आणि चेहऱ्याचे शल्यविशारद होते. मारामारीत फाटलेले चेहरे शिवताना त्यांच्या ध्यानात आले की यातल्या कित्येकांची पोलिसांत नोंदच नाही. मग तातडीच्या विभागात येणाऱ्या जखमींना विचारायचे ठरले: कुठे, किती वाजता, कशाने? नावे गाळून ही माहिती पोलीस आणि नगरपालिकेकडे जाऊ लागली. गस्त त्याप्रमाणे फिरू लागली, भांडणे पिकवणाऱ्या बारवर लक्ष राहिले. २०११ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये निष्कर्ष छापून आले. तशाच इतर शहरांच्या तुलनेत मारहाणीने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांनी घटले होते.

यासाठी मालवणला मोठी यंत्रणा लागणार नाही. मारहाणीचा जखमी आला की सरकारी रुग्णालयात एमएलसीची, म्हणजे पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची, नोंद होतेच. त्यात जागा, वेळ आणि हत्यार नीट लिहावे. महिन्याकाठी नावे वगळून तो कागद नगरपरिषद, पोलीस आणि उत्पादन शुल्क खात्यापुढे ठेवावा, आणि त्या वेळी बारमालकांनाही समोर बसवावे. पुन्हा पुन्हा एकाच बारचे नाव येत असेल तर परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी ते विचारले जावे. वाळूवर काचेची बाटली येऊच नये. गोव्याने २०१९ मध्ये पर्यटनस्थळी उघड्यावर पिण्याला आणि बाटल्या फोडण्याला दंड लावला. किनारा जिवंत ठेवायचा तर आपल्यालाही ते करावे लागेल.

त्या सकाळी चार टाके पडले. केसपेपरवर लिहिले होते, 'काच लागून जखम, डावा पाय'. कुठे लागली, हे त्यावर नव्हते. आम्ही परत चिवल्यावर आलो तेव्हा जाळे किनाऱ्याला लागले होते. पोरे बांगडे वेचत होती, सगळी अनवाणी.